वाघदेवाच्या झऱ्यावरचं तेल

खापर गावच्या दीपचंद शेठजींची सून झमकूबाई लहानपणी बोलायला लागली ती भिलीतून. मारवाडी तिला मागाहून आली, आणि तीही अडखळतच. तिच्या वडिलांचं मीठ-मिरचीचं दुकान सातपुड्याच्या पार आतल्या अंगाला होतं, बैलगाडीसुद्धा जिथे कुरकुरत पोचते अशा पाड्यावर. घरात दुसरं मूल नाही, आईला दम्याचा त्रास. पोर दिवसभर भिलांच्या पोरींबरोबर मोहाची फुलं वेचायची, ओढ्यात खेकडे पकडायची आणि घर जैनांचं म्हणून सोडूनही द्यायची. संध्याकाळी घरी येऊन आईशी भिलीत भांडायची. आईला त्यातलं निम्मं कळायचं नाही, त्यामुळे भांडण लवकर मिटायचं.

लग्न होऊन ती खापरला आली आणि तिच्या तोंडावर छातीपर्यंत घुंघट आला. सासऱ्यांसमोर बोलायचं नाही, दुकानाच्या बाजूला जायचं नाही, मोठ्यानं हसायचं तर मुळीच नाही. नवरा इंदरचंद स्वभावानं गरीब, पण कापूस-सरकीच्या पाठी सदा शहादा-नंदुरबारकडे. घरात राज्य सासूचं. उमरावबाई नुसत्या खाकरल्या तरी गडीमाणसं उभी राहत.

दुकान आणि माजघर यांच्यामध्ये बांबूच्या काड्यांची चीक पडद्यासारखी टांगलेली होती. एका बाजारच्या दिवशी दुकानातल्या नोकरानं एका भिलीण बाईची चारोळी मोजताना तराजूला अंगठा लावला. बाईनं ते पाहिलं आणि त्याला भिलीत शेलक्या शब्दांत झाडलं. नोकराला ओ की ठो कळेना, तो दात काढत राहिला. तेवढ्यात चिकेमागून खदखदून हसण्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ अस्सल भिलीत दोन शिव्या, त्या बाईच्या शिव्यांना शोभतील अशा. भिलीण बाई आ वासून चिकेकडे बघत राहिली.

झमकूबाईनं जीभ चावली. आता सासूबाई काही सोडत नाहीत. उमरावबाई खरंच उठल्या, जवळ आल्या, आणि सुनेला हळूच मारवाडीत म्हणाल्या, "बिनणी, कांई बोली वा?"

"ती म्हणाली, याच्या मिशा बकरीच्या शेपटीसारख्या आहेत."

"आणि तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, बकरीला वाईट वाटेल."

उमरावबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. त्यांचे खांदे बराच वेळ हलत होते. त्या नोकराचा अंगठा त्यानंतर तराजूला लागला नाही, आणि दर बाजारच्या दिवशी चिकेमागे सासूचा पाट मांडला जाऊ लागला. कोणाची म्हैस व्याली, कोणाचा नवरा पळाला, कोणाची सून कोणावर रुसली, सगळ्या सातपुड्याच्या बातम्या सून भिलीतून मारवाडीत आणी आणि सासू त्या चवीनं ऐके. भिलीण बायका आता मागच्या खिडकीशी येऊन बसत. झमकूबाईचा चेहरा त्यांनी कधी पाहिला नव्हता, पण आवाज ओळखीचा झाला होता.

अशी काही वर्षं गेली, आणि सन तीसच्या पुढेमागे खापरात बटन साहेब आला.

त्याचं खरं नाव बेंटन. पण कोटाला पितळी बटणं इतकी, की बाजारानं पहिल्याच दिवशी त्याचं बारसं केलं. मुंबईच्या कोणा इंग्रजी कंपनीनं त्याला जमिनीतलं तेल शोधायला पाठवलं होतं. खापरच्या वर डोंगरात मोरपाणी नावाचं भिलांचं गाव. तिथे एका खडकाला शेंदूर लावलेला, तो गावाचा वाघदेव. खडकाच्या पायाशी झरा. त्या झऱ्याच्या पाण्यावर मोरपिसासारखे रंग तरंगतात, हे कोणा शिकारी साहेबानं पाहिलं आणि मुंबईला जेवणाच्या टेबलावर सांगितलं. ऐकणाऱ्यांना घास गोड लागेना. कंपनीनं सरकारातून परवाना काढला आणि बटन साहेबाला गाडीत बसवून दिलं.

परवाना होता, पण मजूर मिळेनात. मोरपाणीचा एक माणूस कुदळ धरायला तयार होईना. तेव्हा साहेबानं गावच्या पुजाऱ्याला, बाज्याला, खापरला बोलावलं. साहेबाला हिंदुस्थानी येई, बाज्याला फक्त भिली. दीपचंद शेठजींकडे साहेबाच्या तळाला आटा, साखर, बटाटे पुरवायचं काम नुकतंच आलेलं. साहेब खूश राहावा म्हणून ते बोलून बसले, "दुभाष्या आमच्या घरातच आहे."

बोलले आणि मग घाम फुटला. सुनेचा आवाज परक्या पुरुषानं ऐकायचा कसा? निवाडा उमरावबाईंनी दिला. सून भिलांशी भिलीत मोकळं बोलेल, कारण ते शेठजींना कळत नाही, आणि न कळणारं बोलणं हे बोलणं नव्हेच. साहेबाला सांगायचं ते ती सासूच्या कानात सांगेल, आणि सासू मोठ्यानं हिंदुस्थानीत सांगेल.

अशी बैठक भरली. ओट्यावर साहेब खुर्चीत, शेठजी गादीवर, खाली बाज्या आणि गावची चार माणसं उकिडवी बसलेली. चिकेमागे दोघी.

"विचारा याला," साहेब म्हणाला, "झऱ्यावर तेल कुठून येतं?"

बाज्या म्हणाला, "आम्हीच ओततो. देवाला शेंदूर लावतो तो तेलात कालवून. आज्या-पणज्यापासून लावत आलो. पाऊस पडला की ते झऱ्यात उतरतं."

उमरावबाईंनी ते जसंच्या तसं सांगितलं. साहेब डोळे मिचकावून हसला. "हुशार आहे म्हातारा. जागा लपवतोय. म्हणजे तेल नक्की आहे."

झमकूबाई घुंघटाच्या आत चकित झाली. खरं सांगितलं तर साहेबाला ते खोटं वाटतं!

"त्याला सांगा," साहेब म्हणाला, "देवाला धक्का लागणार नाही. भोक शेजारी पाडू. कंपनी देवावर पत्र्याचं छान देऊळ बांधून देईल."

बाज्यानं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "वाघाला पत्र्याखाली कोणी कोंडतं का? आणि तेल निघालं तर ते पाण्यात जाणार. मग आम्ही काय प्यायचं, गुरांनी काय प्यायचं? नवं धान्य त्या पाण्याशी नेऊन दाखवल्याशिवाय आमच्यात कोणी तोंडात घालत नाही. काळ्या पाण्याला काय दाखवू? साहेबाच्या देवाच्या दारात यंत्र लावा म्हणावं आधी. तिथे तेल निघालं नाही, तर मग आमच्याकडे या."

हे सांगताना उमरावबाईंचा आवाजसुद्धा जरा चढला. साहेबाचं हसू मावळलं. तो वाईट माणूस नव्हता. पण परवाना खिशात असलेल्या माणसाला दुसऱ्याचं म्हणणं कमी ऐकू येतं. "परवानगी मिळालेली आहे," तो म्हणाला. "मी विचारत नाही, सांगतो आहे. मजूर नसतील तर खालून आणीन."

थोड्या दिवसांत नंदुरबार स्टेशनावरून यंत्र आलं. कोरीट गावच्या भिला पाटलाच्या बैलगाड्यांवर लादलेले लोखंडी नळ, मोठं चाक, तिपाईचे जाड खांब. ते सगळं दुकानासमोर उतरलं. बाज्यानं येऊन एका नळाला हात लावून पाहिला आणि मग मागच्या खिडकीशी बसला.

"काय करणार, बाबा?" झमकूबाईनं विचारलं.

"खडकासमोर आडवे पडू. बायकापोरांसकट. त्यांना आमच्यावरून गाडी न्यावी लागेल."

"आणि नेली तर?"

बाज्या उठला आणि डोंगराच्या वाटेला लागला. झमकूबाईला त्या दिवशी जेवण गेलं नाही. लहानपणी तिला गोवर निघाला होता, तेव्हा तिच्या जैन आईनं, कोणाला कळू न देता, पाड्याच्या वाघदेवाला नारळ पाठवला होता. बरी झाल्यावर तिला खांद्यावर बसवून त्या देवापाशी नेणारा माणूस बाज्यासारखाच उंच आणि कमी बोलणारा होता. हेच यंत्र तिच्या पाड्याच्या खडकाकडेही जाऊ शकलं असतं.

वाट मिळाली ती साहेबाच्याच तोंडून. कंपनीच्या वरच्या लोकांना एका झऱ्यावर भरवसा ठेवणं पटत नव्हतं. आणखी कुठे तेल दिसतं का ते आधी बघा, असा त्याला हुकूम होता. त्यानं पुन्हा माणसं बोलावली, गावोगावची, आणि चिकेकडे वळून म्हणाला, "बाई, सगळ्यांना सांगा. आपल्या गावच्या पाण्यावर जो मला मिट्टी का तेल दाखवील, त्याला मी पायलीभर मीठ आणि लाल लुगडं देईन. जिथे जास्त तेल, तिथे यंत्र आधी जाईल."

साहेबाच्या मनात जमिनीतलं तेल होतं, हे झमकूबाईला पक्कं ठाऊक होतं. पण हिंदुस्थानीत मिट्टी का तेल म्हणजे घासलेट, हे खापरच्या बाजारात कुत्र्यालासुद्धा माहीत. तिनं क्षणभर विचार केला. घुंघटात कोणाला काही दिसत नाही, हे किती सोयीचं! मग स्वच्छ, खणखणीत भिलीत तिनं सांगितलं:

"साहेब म्हणतो, आपल्या गावच्या पाण्यावर जो घासलेट दाखवील, त्याला पायलीभर मीठ आणि लाल लुगडं."

माणसं एकमेकांकडे बघू लागली. एकानं विचारलं, "साहेबाला पाण्यावर घासलेट कशाला हवं?"

"ते मला काय ठाऊक? साहेब लोकांचं असतं काहीतरी."

बाज्या इतका वेळ खाली मान घालून बसला होता. त्यानं मान वर केली, चिकेकडे पाहिलं, आणि त्याच्या पांढऱ्या मिशा जराशा हलल्या. बायका मागच्या खिडकीशी आल्या तेव्हा झमकूबाईनं आपल्या पदरची एकच गोष्ट जोडली. "फार ओतू नका गं. महाग आहे. थोडंसंच टाकलं तरी लांब पसरतं."

मग काय विचारता! सातपुड्यात जिकडे तिकडे तेल निघायला लागलं. या ओढ्यात निघालं, त्या डबक्यात निघालं, एका गावात तर म्हशी डुंबतात त्या चिखलात निघालं आणि म्हशी घासलेटाच्या वासानं तीन-चार दिवस त्यात उतरेनात. साहेब टोपी मागे सारून पळत सुटे, गुडघ्यावर बसून बाटली भरे, मीठ देई, लुगडं देई. तळावर बाटल्यांची रांग लागली. मोरपाणीचं नाव त्या रांगेत कुठल्या कुठे मागे पडलं. तिथे फारसं तेल नव्हतंच, नुसते रंग. डोंगरातल्या निम्म्या बायका लाल लुगडी नेसून बाजाराला येऊ लागल्या.

यंत्रही हिंडू लागलं. एका डोंगरावर लावलं, तर खाली काळा फत्तर, नळाचं टोक बोथट. दुसऱ्या ओढ्याकाठी लावलं, तर तिथेही फत्तर. चढ-उतारांनी भिला पाटलाच्या बैलांच्या तोंडाला फेस आला. शेवटी एका खिंडीत गाड्या सोडून तो साहेबासमोर उभा राहिला आणि आपल्या अहिराणीत म्हणाला, "साहेब, आठे तेल शे का नही ते माले माहीत नही, पन मन्हा बैलेस्नं तेल निंघी गये."

इकडे दीपचंद शेठजींना एक कोडं पडलं होतं. घासलेटचे डबे आणावेत आणि संपावेत. "औंदा डोंगरात लग्नं फार दिसतात," ते म्हणत.

उमरावबाईंना मात्र चैन पडेना. एका दुपारी डाळ निवडताना त्यांनी सुनेला गाठलं. "बिनणी, खरं सांग. त्या दिवशी तू काय सांगितलंस लोकांना?"

"साहेब बोलला तेच, सासूजी. अक्षरही बदललं नाही."

"तेच म्हणते मी. तू अक्षरही बदलत नाहीस तेव्हा मला भीती वाटते."

सुनेनं सगळं सांगितलं. उमरावबाईंच्या हातातली डाळ परातीत तशीच राहिली. आता घर बुडणार, असं त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, म्हशींचं पुन्हा एकदा सांग, असंही म्हणाल्या.

उन्हाळा चढला आणि मुंबईहून कंपनीचा मोठा साहेब मोटारीनं आला. हा म्हातारा, जाडा, आयुष्य तेलाच्या विहिरींवर काढलेला. बटन साहेबानं मोठ्या हौसेनं ओट्यावर बाटल्या मांडल्या. गावोगावची माणसं समोर बसली. मोठ्या साहेबानं एका बाटलीचं बूच काढलं, वास घेतला. दुसरीचं काढलं. मग तो शेठजींना म्हणाला, "एक कंदील द्या. रिकामा."

त्यानं बाटलीतलं वरचं तेल हलक्या हातानं कंदिलात ओतलं आणि काडी ओढली. भर दुपारी कंदील लख्ख पेटला. धूर नाही, काजळी नाही.

"वा," मोठा साहेब म्हणाला. "विहिरीतून निघतं ते काळं, दाट, घाण वासाचं असतं. या डोंगरातून गाळून, साफ करून, बाजारात विकायला तयार असं निघतं. डबेही खालीच बनतात की काय?"

बटन साहेबाचा चेहरा पांढरा पडला. मोठ्या साहेबानं हिंदुस्थानीत विचारलं, "कोणी केलं हे? विचारा त्या म्हाताऱ्याला."

झमकूबाईनं विचारलं. बाज्या उभा राहिला. "सांग त्याला," तो म्हणाला, "आम्ही ओतलं. घासलेट दाखवा म्हणाले, दाखवलं. आणि यंत्र देवाकडे आलं, तर आडवेही पडू."

उमरावबाईंनी ते सांगायला तोंड उघडलं, पण मोठ्या साहेबानं हात वर केला. "तुम्ही नाही. जिनं लोकांना सांगितलं, तिनं बोलावं. तू काय सांगितलंस त्यांना?"

शेठजी गादीवरून अर्धवट उठले. सून, परका पुरुष, भरबाजार! चिकेमागे सासूनं झमकूबाईचं मनगट धरलं. आवरायला धरलं की धीर द्यायला, हे तिला कळलं नाही, आणि विचारायला वेळ नव्हता. ती बोलली, हिंदुस्थानीत, शेठजींना शब्दन्‌शब्द कळेल अशी.

"साहेबांनी मिट्टी का तेल सांगितलं, मी मिट्टी का तेल सांगितलं. आमच्या दुकानात ते डब्यात मिळतं. साहेबांना दुसरं काही हवं होतं, तर त्यांनी दुसरं नाव सांगायचं होतं. आणि पहिल्या दिवशी बाज्याबाबांनी जे खरं ते सांगितलं होतं. ते साहेबांना पटलं नाही."

मग मोठ्या साहेबाच्या पोटातून काहीतरी गडगडत वर आलं. तो हसायला लागला. खोकला येईपर्यंत हसला, रुमालानं डोळे पुसले, आणि बटन साहेबाकडे बघून पुन्हा हसला. भिला पाटील हसला, बाजार हसला. फक्त दोघे हसले नाहीत, बटन साहेब आणि दीपचंद शेठजी.

रांगेत शेवटी मोरपाणीच्या झऱ्याची बाटली होती. "हीही पाहता का?" बटन साहेबानं पडक्या आवाजात विचारलं. "पुरे!" मोठा साहेब म्हणाला. "या मुलखातली एकही बाटली आता माझ्या नाकाजवळ आणू नका." ती बाटली कोणी उघडलीच नाही. झऱ्यावरचे रंग शेंदराच्या तेलाचे की आणखी कशाचे, हे त्यामुळे कोणालाच कळलं नाही.

यंत्र आल्या वाटेनं गेलं. जायच्या दिवशी बटन साहेब दुकानापाशी आला. त्याची नोकरी जाणार, हे गावाला ठाऊक होतं. चिकेसमोर उभा राहून त्यानं टोपी काढली. "बाई, तुम्ही चुकीचं काही बोलला नाहीत," तो म्हणाला, "ऐकताना मीच चुकलो." त्यात राग नव्हता, आणि म्हणूनच झमकूबाईला ते लागलं. तिनं धावत आत जाऊन पुऱ्या आणि कैरीचं लोणचं बांधून गाडीत पोचवलं. पुढे किती तरी दिवस, सगळे ही गोष्ट सांगून हसत तेव्हा ती घुंघटाआड हसत नसे.

दीपचंद शेठजी घरात कोणाशीच बोलेनात. सुनेशी तर ते आधीही बोलत नव्हते, त्यामुळे तिला फरक एवढाच जाणवला, की आता न बोलणं जास्त ऐकू येत होतं. मग एका सकाळी ते चिकेजवळ येऊन भिंतीला उद्देशून म्हणाले, "घासलेटाची मागणी लिहायची आहे. औंदा डोंगरात लग्नं तितकीच आहेत, की कमी?"

उमरावबाई म्हणाल्या, "कमी."

"बरं," शेठजी भिंतीला म्हणाले. थोडं थांबून पुढे म्हणाले, "भिंत हिंदुस्थानी चांगली शिकलेली दिसते." आणि दुकानात गेले.

भाद्रपदात मोरपाणीहून निरोप आला. नवं धान्य देवाला दाखवायचं आहे, दोन्ही शेठाण्यांनी यावं. शेठजींनी नाही म्हटलं नाही, म्हणजे हो. भिला पाटलाची दमणी, छपराची हलकी बैलगाडी, मागवली. चिखलातून धक्के खात, एकमेकींना धरत सासू-सून वर पोचल्या. उमरावबाईंनी पडद्यातून मान काढून पाहिलं. बसलेल्या वासराएवढा खडक, त्याला शेंदूर, भोवती ओलं गवत.

"एवढासाच?" त्या म्हणाल्या. "मी समजत होते केवढा मोठा असेल. एवढ्यासाठी मी तुझं मनगट धरून बसले?"

झमकूबाईनं मात्र खाली उतरून झऱ्यात हात घातला. पुरुष पलीकडे पूजेत होते. आजूबाजूला सगळ्या बायकाच. तिनं घुंघट मागे सारला. "अशी आहेस होय!" म्हणत बायका तिच्याभोवती जमल्या. आवाज ओळखीचा, तोंड नवं. कोणी गालाला हात लावला, कोणी नथ पाहिली.

पूजा झाली, मक्याची कणसं भाजली गेली. बाज्याच्या बायकोनं पहिलं गरम कणीस उमरावबाईंच्या हातात ठेवलं. त्यांनी ते उरलेल्या दातांनी नेटानं संपवलं. इतकी वर्षं चिकेमागे बसून आपल्याला थोडी भिली आलीच आहे, अशी त्यांची समजूत होती. त्यांनी पदर सावरला आणि बाज्याच्या बायकोला मोठ्यानं, ऐटीत, भिलीत काहीतरी म्हटलं.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग बायका अशा हसल्या, की एकीनं दुसरीच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि पुरुष पूजेकडून वळून बघायला लागले.

उमरावबाई गोंधळल्या. "बिनणी, मी आणखी एक कणीस मागितलं ना?"

"हो, सासूजी," झमकूबाई म्हणाली, आणि तिनं घाईघाईनं घुंघट पुन्हा खाली ओढून घेतला. "तेच मागितलंत."